तुझ्या बाजूची भिंत

कोपर, डोंबिवली पश्चिम
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

प्रिय महिपत,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी तोंड उघडून भलतंच काहीतरी बडबडणार, म्हणून पोस्टाने लिहितोय. टिटवाळ्याचा पत्ता स्वप्नाकडून घेतला. लेकीवर रागावू नकोस, मीच तिच्या मागे लागलो.

बायजावहिनींचं पाऊल कसं आहे? अंगठा अजून सुजतो का? आणि ऑपरेशनची शिवण? थंडीत ती ओढते म्हणतात, छातीला लोकरीचं काहीतरी बांधायला सांग. स्वप्नाची कंबर, जावईबापूंची शुगर? नातू प्रेमचे पुढचे दात आले का, की अजून बोळकंच आहे? तुझं मुद्दाम शेवटी विचारतोय. टाके कधीच निघाले असतील, कानावरचे सात आणि मागचे चार. डाव्या कानात शिट्टी वाजते असं स्वप्ना म्हणाली. अजून वाजते का रे?

इकडे वासंती बरी आहे. गुडघे तिचे, शिव्या मला. अद्वय आणि सूनबाई घोडबंदरला, घरात कमी आणि ट्रॅफिकमध्ये जास्त. मैथिली कॉलेजसाठी आमच्याकडेच आहे. ती मजेत आहे असं लिहिणार होतो. तिचं पुढे लिहितो.

आधी कामाचं. मैथिलीच्या बास गिटारसाठी छोटा अँप, म्हणजे तो आवाजाचा खोका, घ्यायचं ठरवलंय. पत्र फाडू नकोस, पुढे वाच.

ठाण्यात वाद्यांच्या एका दुकानात गेलो. डेल्फिन नावाची बाई होती, स्वतः चर्चमध्ये बास वाजवते. मला विचारते, "काका, वाजवणार कुठे?"

"घरात. वन बीएचके. पलीकडे शेजारी."

"आणि आधी काय होतं?"

मी छाती फुगवून सांगितलं, की मीच बनवलेला होता. मंडपवाल्याचा जुना पंधरा इंची स्पीकर, प्लायचा खोका, दोनशे वॅटचं मशीन. सातवी नापास माणसाने पंखे-मिक्सर खोलून खोलून शिकलेली विद्या, तुला माहीतच आहे. बाईने चष्मा काढला. "काका, तुम्ही नातीला गिटार शिकवत होता की बिल्डिंग पाडत होता?"

मग तिने शांतपणे समजावलं. घरात सरावाला दहा-पंधरा वॅट पुष्कळ झाले. स्पीकर आठ इंची. पण अँप बासचाच हवा. साध्या गिटारचा घेतला तर जाड तारेच्या दणक्याने स्पीकरचा कागदी पडदा फाटतो. हेडफोनचं भोक हवं. आणि तो भिंतीला टेकवायचा नाही, खाली रबर घालायचं, कारण जाड सूर हवेतून जातो त्याहून जास्त भिंतीतून जातो. तिच्या बोलण्यातलं शेवटचं मात्र काट्यासारखं रुतलं. "आवाज किती ठेवायचा ते तुम्हाला इकडे बसून नाही कळणार. पलीकडच्या माणसाला भिंतीवर तळवा ठेवायला सांगा. तो सांगेल."

मी म्हटलं, "पलीकडे कुलूप आहे."

महिपत, माझा खोका मी बरोब्बर तुझ्या भिंतीला लावला होता. का, तर प्लग तिथे होता म्हणून. आणि तुझ्या बाजूला तिथेच वहिनींची मांडणी. एकतीस वर्षांपूर्वी ती तुझ्या घरात लावायला मीच आलो होतो. लाकडी गुट्टे मी बसवले, खिळे मी ठोकले. तेच खिळे मी रोज तास-तास हलवत होतो.

तू तीनदा सांगितलंस. पहिल्यांदा हसून, दुसऱ्यांदा जिन्यात थांबवून. तिसऱ्यांदा म्हणालास, "विश्राम, बायजाला वाटतं, तिच्या छातीवर कुणीतरी कांडतंय." ऑपरेशन होऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. मी काय म्हणालो? "कानात कापूस घाल म्हणावं." वासंतीसमोर म्हणालो आणि वर हसलो.

मग पितृपक्षातला तो रविवार. दुपारचे तीन. मी मोरीत नळाची चकती बदलत होतो, मैथिली वाजवत होती. तुझ्याकडून आधी खिळे सुटल्याचा आवाज आला, मग सगळी मांडणी, ताटं, टोप, डबे, आणि त्या सगळ्याच्या वर, पाय खाली सापडलेल्या वहिनींची किंकाळी. ती मला ऐकू आली होती. मी वायसर नीट बसवला आणि मगच उठलो.

तोवर तू बत्ता घेऊन आमच्या घरात शिरला होतास. "बंद कर तो रेडा!" पहिला घाव जाळीवर. दुसऱ्याने पडदा टराटरा फाटला, आणि मशीन चालूच असल्याने खोका कापल्या जनावरासारखा ओरडायला लागला. "महिपतआजोबा, मी बंद करते, थांबा!" पोर गळ्यात गिटार घेऊन किंचाळत होती. तिसऱ्या घावाला प्लायची ढलपी उडाली आणि तिच्या हनुवटीत घुसली. तू ते पाहिलंस. तुझा हात तिथेच थांबला होता, महिपत. हे मी नीट पाहिलंय.

इथपर्यंतचं तुलाही ठाऊक आहे. पुढे तुला ठाऊक आहे ते असं, की मागून काहीतरी डोक्यात बसलं, तू पडलास, डोळे उघडलेस तेव्हा मैथिली तुझ्याजवळ होती आणि गिटारला रक्त होतं. तू विचारलंस, "पोरी, तू?" तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो."

तिने नाही मारलं. मी मारलं.

मोरीतून पान्हा हातात घेऊनच आलो होतो. तुझी पाठ माझ्याकडे होती. सदरा वर सरकलेला, आणि तो जुना वळ दिसत होता, एकोणनव्वदच्या संपात कंपनीच्या गेटवर माझ्या अंगावर येणारी सायकलची चेन तू झेललीस तो. वळ बघून मारलं. कानाच्या वर. नारळ दगडावर आपटावा तसा आवाज झाला. बत्ता तुझ्या हातातून सुटला, तू गुडघ्यांवर आलास आणि रिकाम्या हातांनी लादी चाचपायला लागलास.

तेव्हा मी दुसरा मारला. मागचे चार टाके ते.

पहिल्याचं मी स्वतःला समजावू शकलो असतो, की नातीच्या हनुवटीतून रक्त येताना दिसलं. पण तेही खोटं. नात माझ्या मनातच नव्हती. माझा खोका होता. चार महिने खपून, हाताची सालं काढून बनवलेला खोका तू माझ्यासमोर फोडलास, एवढंच होतं. आणि दुसरा बसला तेव्हा मला बरं वाटलं. उपास सोडल्यासारखं बरं वाटलं. हे एक वाक्य लिहायला मला अडीच महिने लागले.

तिसऱ्यासाठी हात वर गेला होता. मैथिलीने माझ्या मनगटात दात रोवले, मांस तुटेपर्यंत. वण अजून आहे. बिल्डिंगमध्ये विचारतात, मी मांजर सांगतो. मग ती तुझं डोकं मांडीवर घेऊन बसली. गिटार गळ्यातच होती, तिला रक्त लागलं ते असं. मी मोरीत गेलो आणि पान्हा बादलीत टाकला. तू डोळे उघडलेस तेव्हा मी दारात ओल्या हातांनी उभा होतो. तिचं ते "हो" ऐकलं आणि गप्प बसलो.

हॉस्पिटलात हवालदार आला तेव्हा तू म्हणालास, "घरची मांडणी डोक्यावर पडली." दोन जागी कशी पडली, असं त्याने विचारलं, तर म्हणालास, "दोन फळ्या होत्या." तशा अवस्थेतही तुला माझी नात वाचवायचं सुचलं. मग टिटवाळ्याला निघून गेलास आणि स्वप्नाकडून निरोप पाठवलास, पोरीला सांगा, महिपतआजोबा विसरले. वासंती देवापुढे साखर ठेवून आली. मैथिली रात्रभर रडली. महिपत, तू माफ केलंस ते चुकीच्या माणसाला.

मी तिला म्हटलं, खरं सांगून टाकतो. तर म्हणते, "नको आबा. मी लहान आहे, मला लोक माफ करतात. तुम्हाला नाही करणार." एकोणीस वर्षांची पोर! आणि मी म्हातारा तिच्या पदराआड लपलो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही हे मीच सगळ्यांना ऐकवत आलो. गिटार तिने चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलीय. तुझ्या दारावरून जाताना मान खाली घालून पळत सुटते, जणू आतून कुणी बोलावणार आहे.

छोटा अँप परवा आणला. दहा वॅट, आठ इंची, माझ्या पेन्शनला झेपेल असा. पटला नाही तर रविवारपर्यंत परत घेईन, असं डेल्फिनबाई म्हणाली. खोलीच्या मधोमध रबरावर ठेवलाय, भिंतीपासून चार हात लांब. मैथिली आली, बघितलं, म्हणाली, "पलीकडे कुणीच नाही. आवाज कुणासाठी कमी ठेवू?" आणि आत गेली. बटणाला हातसुद्धा लावला नाही.

बत्ता माझ्याकडे आहे, चिंचेने घासून ठेवलाय, वहिनींना सांग. पान्हा मात्र घासलेला नाही. बादलीतून काढला तसाच गुंडाळून ठेवलाय. चौकीत खरं सांगायचं असेल तर सांग, तो घेऊन मी तुझ्याबरोबर येतो. मांडणी पुन्हा लावायची असेल तर खिळे घेऊन येतो. दोन्ही करायचं असेल तर आधी चौकी.

घरी ये असं म्हणायला मला तोंड नाही. पण कधी कुलूप काढलंसच, तर त्या भिंतीवर तळवा ठेवून बघ. हाताला काही लागलं तर बत्त्याने एक ठोका दे. पलीकडे बटण तीच फिरवेल. त्या मशीनला मी आता हात लावणार नाही.

एकच मागणं आहे. उत्तर माझ्या नावाने नको, मैथिलीच्या नावाने लिही. मला काय लिहायचं ते नंतर लिही, किंवा लिहूच नकोस. तिला मात्र दोन ओळी, तुझ्या हाताने, की तुला कळलंय, मारणारी ती नव्हती. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल.

वहिनींना नमस्कार, प्रेमला गोड पापा. आणि लवकर लिही रे. रविवारच्या आत पोचेल असं लिही.

तुझ्या चेनच्या वळामागे उभा राहून वाचलेला, आणि त्याच वळावर नजर ठेवून तुला मारणारा,

विश्राम