सरडा माझ्याच हातावर बसणार

२ मार्च, रविवार
रोजे सुरू. डोकं दुखतंय. ईदला मुलगी रेत्नो येणार, सोबत नात लिंतांग. आमच्या जावात ईदच्या सकाळी लहानांनी मोठ्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून माफी मागायची असते. गेल्या वर्षी पोरगी माझ्या खोकल्याला भिऊन आईमागे लपली. सेमारांगच्या आजोबांच्या, म्हणजे जावयाच्या वडिलांच्या, गुडघ्यावर मात्र धावत जाऊन पडली. त्यांच्याकडे ससे आहेत. मी नावं ठेवत नाही. तो माणूसही सशासारखाच आहे.
निर्णय : रंग बदलणारा सरडा पाळायचा. लिंतांगला सरड्यांचं वेड आहे, असं रेत्नो फोनवर म्हणाली. अधूनमधून हातावर घेऊ देणारा हवा. तो माझ्या हातावर, ती त्याच्याजवळ. तिथून गुडघे कितीसे लांब?

४ मार्च, मंगळवार, जावी पंचांगात क्लिवोन. खरेदीला उत्तम दिवस.
पाखरांच्या बाजारात गेलो. दुकानवाली एन्दांग म्हणाली, काका, बोट पुढे धरा, आपणहून चढेल तो घ्या. शांत असला की साधा हिरवा दिसतो. चिडला की पट्टे उठतात, फुगतो.
एक मळकट हिरवा लगेच चढला. कोणाच्याही हातावर चढतो त्याला कसला स्वाभिमान? दुसरा कोपऱ्यात होता. लाल-काळे पट्टे, फुगलेली छाती, वासलेलं तोंड. मी जन्मभर कवडे पाळले. छाती बघून पाखराचं कुळ सांगतो. हा राजघराण्यातला.
एन्दांग म्हणाली, तो चावतो हो. मी म्हणालो, तू कालची पोर. ती म्हणाली, बरं, पण परत आणू नका, इथेही तो कोणाला नकोय.

७ मार्च
मला बघितलं की नटतो. सगळे पट्टे बाहेर. बायको पाणी शिंपडायला गेली की फिकट हिरवा पडतो. तिच्याबद्दल त्याला काही वाटत नाही. तिला सांगितलं नाही. मन दुखेल.

१२ मार्च
माझ्यासमोर काही खात नाही. रोजे ठेवतोय. मशिदीत सांगितलं. शेजारचा वागिमान म्हणाला, मग नमाजाला का नाही आणलास, पुढच्या रांगेत जागा केली असती. जळतो मेला.
बायको म्हणते, तुम्ही दुपारी मशिदीत गेलात की तो नाकतोड्यांचा फडशा पाडतो. असेल. मूळचा मादागास्करचा. प्रवाशाला रोजा माफ असतो.

१८ मार्च
प्रथमच हातावर घेतला. बोटाला धरलं, सोडेना. माया आहे. रक्त आलं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. नर्सला मांजर चावलं म्हणून सांगितलं. रात्रभर सरड्याच्या विषाचा विचार. विष नसतं म्हणतात. म्हणणाऱ्यांना चावलेलं नसतं.

२६ मार्च
आता फुसकारतो. माझ्या खोकल्याची नक्कल करतो, हुशार आहे. बायको त्याला खांद्यावर घेऊन वाळवण करते. लाडावून ठेवू नकोस, असं सांगितलं. ती म्हणाली, मी काहीच करत नाही, तुम्हीही तेच करा.
उपाय : रोज दुप्पट वेळ पिंजऱ्याला तोंड लावून बसणे.

३१ मार्च, ईद
नवा बाटिक शर्ट. सकाळपासून गुडघे जुळवून खुर्चीत.
लिंतांग आली ती सरळ पिंजऱ्याकडे. बोट पुढे केलं. तो चढला, खांद्यावर बसला, हिरवागार. मी सगळ्यांना सांगितलं, शिकवण माझी. 
मग माफीसाठी रांग लागली. रेत्नो झाली, जावई झाला. लिंतांग हसत माझ्याकडे निघाली. जवळ येताच सरडा काळालाल झाला, फुगला, तोंड वासलं. त्याच वेळी मला खोकला आला.
ती थांबली. म्हणाली, आजोबा, तो तुम्हाला भितो, जरा लांब जा ना. रेत्नो म्हणाली, अगं त्याला आजीकडे दे. नको, म्हणाली, आत्ताच कुठे माझा झालाय.
अंगणात गेलो. अजून लांब, म्हणाली. पपईच्या झाडामागे गेलो. तिने घरातूनच ओरडून माफी मागितली. मी ओरडून दिली. बायको म्हणाली, हळू, तो दचकतो.
मग लिंतांग आईला समजावत होती, मला ऐकू आलं. आजोबा वाईट नाहीत गं, फक्त त्याला आवडत नाहीत.
जेवणाचं ताट झाडामागेच आणून दिलं.