आपल्याच लग्नात बिब्बा

कल्याण, राघो परटाची ओटी
फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८०४

गोदाआक्काच्या पायांवर महिपतचे डोके (आता बहुतेक मूळच्या मापाचे झालेले) ठेवून साष्टांग नमस्कार.

आक्का, आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना मन मोकळे राहील. हे पत्र मी तीन आठवड्यांमागेच लिहायला हवे होते. पण तेव्हा डोळे मिटलेले होते. डोळे उघडले तो बोटे सुजली. बोटे ओसरली तो दौतीतली शाई वाळली. शाई कालवली तो दारावरून नंदीबैलवाला गेला, आणि पत्राला उद्याचा मुहूर्त बरा की परवाचा एवढेच त्या बैलाला विचारावे म्हणून मी मागे निघालो, तो मुरबाडच्या वाटेला लागलो. बैलाने मान हलवली खरी, पण ती माझ्या प्रश्नावर की पाठीवरच्या माशीवर, हे दुसऱ्या गावापर्यंत चालूनही ठरले नाही. असो.

तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? मिठागरावर यंदा दाणा मोठा पडतो आहे असे मीठ घेऊन येणाऱ्या मचव्यावरची माणसे सांगत होती. (पंतोजी, हे पत्र आक्कास तुम्हीच वाचून दाखवणार हे मी जाणतो. माझा नमस्कार घ्यावा. जेथे कंस दिसेल तेथे मनात वाचावे. शाळेत तुम्ही मला कंस शिकवला तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी मी शाळेत होतो.)

आता मुख्य गोष्ट. डोंबिवलीच्या धाकू पाटलाची लेक मालन, जी तूच शोधलीस, तिला पाहायला मी गेलो होतो. होय, गेलो होतो! मागल्या खेपेस काल्हेरच्या वाटेवर डोंबाऱ्याचा खेळ लागला आणि मुलीकडच्यांचे पोहे तिकडेच निवले, तसे या वेळी झाले नाही. या वेळी मी ठरल्या दिवशी, ठरल्या घरी, दिवस मावळायच्या पुष्कळ आधी पोचलो. फक्त तोंड तेवढे माझे नव्हते.

त्याचे असे झाले. मी सध्या राघो परटाकडे आहे. आगगाडीवरच्या साहेबलोकांचे कपडे त्याच्याकडे धुवायला येतात, आणि कोणाचा सदरा कोणाचा हे कळावे म्हणून कोपऱ्यावर बिब्ब्याची खूण घालावी लागते. राघोचे बापजादे दोन टिंबे, तीन रेघा असेच घालत आले. पण नवीन आलेल्या एका साहेबाला टिंबे चालेनात, अक्षर पाहिजे म्हणाला. म्हणून चार इयत्ता झालेला माणूस, म्हणजे मी. (पंतोजी, साडेतीन.) काम मोठे नामी आहे. बिब्ब्याला सुई टोचायची, काळा चीक आला की अक्षर काढायचे, वर ओला चुना लावायचा. मग ते अक्षर कपडा फाटेल पण जाणार नाही. राघोने पहिल्याच दिवशी सगळे बजावले होते: आधी कोपरापर्यंत खोबरेल चोळ, चिकाचा हात डोळ्याला लावू नकोस, काम झाले की परत तेल लावून माती-राखेने हात धू, आणि खूण घातलेले कापड दोन-तीनदा धुऊन उन्हात घातल्याशिवाय अंगाला लावू नकोस. मी सगळे ऐकले. नेमके शेवटचे वाक्य चालू असताना समोरून उंटाची एक जोडी गेली. कल्याणात उंट, आक्का! एकाच्या गळ्यात घंटा होती, दुसऱ्याच्या नव्हती. त्याचे कारण काय असेल याचा विचार करता करता शेवटचे वाक्य राहून गेले.

तर मुलगी पाहायला जायचे म्हणून मी नवे उपरणे घेतले आणि हौसेने त्याच्या टोकाला सुंदर मोठा 'म' काढला. चुना लावला, फुंकर घातली आणि तेच डोक्याला बांधून आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत शेणाळे तलावाच्या पाळीवर मिरवलो. अक्षर बरोबर कपाळावर येईल अशी घडी घातली होती, लोकांना दिसावे म्हणून. घाम आला की त्याच टोकाने डोळे पुसत होतो. सकाळी उठलो तर चेहरा ताणल्यासारखा वाटला. मला वाटले, आनंद असेल. डोंबिवलीच्या वाटेवर खाज सुटली. मला वाटले, लाज असेल. गावच्या वेशीवर आलो तेव्हा एका डोळ्याने पायापुरती वाट दिसत होती आणि दुसरा डोळा कुठे आहे तेच सापडत नव्हते.

धाकू पाटलाच्या अंगणात पाऊल टाकून मी "रामराम" म्हटले, तर ओठ सुजल्यामुळे ते "वाववाव" असे निघाले. आतून पाटलाची म्हातारी आई आली, मला बघून तिने हातातले सूपच टाकले. "आगं बाय, आय आली! आय आली! पायतान घालून कोनी म्होरं येव नका!" म्हणजे माझ्या तोंडावर देवी आल्या असे तिने ठरवून टाकले. पुढच्या घटकेत मी ओटीवर घोंगडीवर होतो, भोवती कडुनिंबाचे डहाळे, पायांवर दूध, आणि गावच्या बाया येऊन माझ्या पाया पडत होत्या. आक्का, खरे सांगतो, जन्मात मला इतका मान मिळाला नव्हता. दहीभात भरवत होते. कोणी मोठ्याने बोलत नव्हते. एका बाईने तर नवऱ्याची दारू सुटू दे म्हणून मला साकडे घातले, आणि मी (देवीच्या वतीने) हूं म्हटले. पण हळूहळू एक गोष्ट डोक्यात शिरली. ज्याला घरात पाऊल ठेवताच देवी येतात, त्याला मुलगी कोण देणार? पाटील खांबाला टेकून बसला होता. तो काही देवीचा विचार करत नव्हता, आपल्या लेकीचा करत होता.

तेवढ्यात दाराआडून एक आवाज आला. "आजे, देवी कवांपासून रेघा वढून यायला लागली गो?"

"गप ऱ्हा गो मालन, आय कोपल!"

"कोपूं दे. त्याच्या उपरन्याव बघ कसली खून हाय. तीच त्याच्या कपालाव हाय. बिबा उतलाय त्याला. परटानं कपडा धुवायला टाकल्यावानी खून घातलीय!"

मग कोणीतरी उपरणे उचलले, कोणीतरी माझे कपाळ पाहिले, आणि अंगणभर असा हशा पिकला की माझे देवपण तिथल्या तिथे गेले. (दारूवाली बाई मात्र रागावली. तिने दूध परत मागितले, ते पायावरून कसे देणार?)

धाकू पाटील उठून उभा राहिला. म्हणाला, "लोकांच्या लग्नात बिबा घालनारं लय बघितलं. सोताच्या लग्नात सोताच्या हातानं घालनारा ह्योच पयला!"

म्हातारीला आपली चूक भरून काढायची होती. ती म्हणाली, बिब्बा उतला तर बेहड्याला सात फेरे घालून "बिबा ल्हान, बेहडा थोर" असे म्हणावे, म्हणजे बिब्ब्याचा तोरा उतरतो. मला परसात नेऊन सोडले. डोळे मिटलेले, मी हाताला लागलेल्या झाडाला मोठ्या भक्तीने सात फेरे घातले. सातवा पुरा झाल्यावर पाटील म्हणाला, "पोरा, बेहडा पलीकडं हाय. तुझं सात फेरं शेवग्यासंगं झालं. नांदा आता सुखानं."

खरे औषध केले ते मालनने, आजीच्या हातून, दाराआडून हुकूम सोडत. गरम पाणी लावायचे नाही. गार पाण्याने धुवायचे, पुसायचे नाही, टिपायचे. नारळाच्या दुधात तीळ वाटून लेप, दिवसातून तीनदा. चिंचेचा पाला उकळून गार केलेले पाणी डोळ्यांवर. ओले खोबरे खायलाही दिले. आणि खाजवायचे नाही म्हणून माझ्या दोन्ही हातांना चिंध्यांचे बोचके बांधले. तिच्या काकाला रानात बिब्बे गोळा करताना असेच झाले होते, तेव्हा ती शिकली. तीन दिवस मी त्या ओटीवर होतो. तिसऱ्या दिवशी डावा डोळा किलकिला झाला, तेव्हा दाराच्या फटीतून लेपाची वाटी पुढे करणारा हिरव्या बांगड्यांचा हात तेवढा दिसला. बाकी मालन मी पाहिलेली नाही. तिनेही माझे खरे तोंड पाहिलेले नाही.

आजी घटकाभर उठून गेली तेव्हा मालनने दाराआडून विचारले, "अक्षर कसलं ते?"

मी म्हटले, "म."

"म म्हंजी?"

"महिपत."

ती म्हणाली, "मालनबी त्यानंच लिवत्यात?"

मी हो म्हटले. वाटी दारातच राहिली आणि पावले आत पळाली. आक्का, आतून पुष्कळ वेळ कोणीतरी तोंडात पदर घालून हसत होते, आणि ते हसणे माझ्या सुजेला नव्हते, एवढे मला डोळे मिटूनही कळले.

निघताना पाटलाने निकाल दिला. पोरगा वाईट नाही, पण याच्या शब्दावर लेक द्यायची म्हणजे वाऱ्यावर पेंढा रचायचा. घरातला कोणी वडीलधारा होळीच्या आत येऊन मागणी घालील तर देईन, नाहीतर कोपर गावचे स्थळ तयार आहे. होळीला आता दहा दिवस. सूज उतरली आहे, कपाळावरचा 'म' फिका पडतो आहे, आणि मी राघोकडे रोज आधी तेल चोळतो, मग सुई धरतो. या कामावर मी अडीच महिने टिकलो आहे, याची नोंद तुझ्या मनात असू दे. लहानांस आशीर्वाद.

तुझा,
महिपत

ता. क. वरचे सगळे ज्यासाठी लिहिले ते आता लिहितो. आपल्याला वडील नाहीत, काका नाहीत. वडीलधारे म्हणजे भिवा भावोजीच. काल्हेरच्या प्रकारानंतर त्यांनी "या पोराच्या सोयरिकीसाठी पुन्हा उंबरा ओलांडणार नाही" अशी शपथ घेतली आहे, हे मला माहीत आहे. तरी तू गोड बोलून त्यांना होळीच्या आत डोंबिवलीस पाठव. मला मालनच पाहिजे. हे मी कुठेही न भरकटता एका दमात लिहिले आहे, यावरून काय ते ओळख.

ता. क. दुसरा. भावोजींचा राग जावा म्हणून, माझे तोंड सुजायच्या आदल्या दिवशीच, मी त्यांच्यासाठीही एक नवे उपरणे मिठाच्या मचव्यावरच्या माणसांबरोबर पाठवले आहे. टोकाला मोठा 'भ' आहे. तो कसा काढला हे आता तुझ्या ध्यानात आले असेल. सणासुदीला बांधा असा निरोप दिला होता, म्हणजे अजून पेटीत असेल. पंतोजी, हे वाक्य सर्वांत आधी आणि धावत जाऊन सांगावे: बांधू नका!

ता. क. तिसरा. वरचा ताजा कलम आता रद्द समजावा. दाराशी आत्ताच एक गृहस्थ आले आहेत. आवाजावरून आणि शिव्यांवरून भावोजी आहेत. तोंडावरून सांगता येत नाही. गावात कोणाच्या तरी बारशाला उपरणे बांधून मिरवले म्हणतात. 'भ' मात्र फार स्वच्छ उमटला आहे. राघोने त्यांना धरून ठेवले आहे, मी कणगीमागून लिहितो आहे. मी इथूनच ओरडून सांगितले की यावर अचूक औषध जाणणारी एकच मुलगी आहे आणि ती डोंबिवलीस असते. ते मला मारायचे विसरून म्हणाले, "मग बसलास काय? चल, आत्ताच्या आत्ता चल!" पंतोजी, आक्कास बाकी काही वाचून दाखवू नये. एवढेच मोठ्याने सांगावे की भावोजी मुलगी मागायला डोंबिवलीस निघाले.