गाडी सोडताना भिंत बघा

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद, आणि त्यांच्या मागोमाग एक भांडण.

ज्यांच्या बापाने अख्ख्या शहराला गाडी शिकवली आणि पोटच्या पोरांना साधा क्लच दाखवला नाही, अशा समस्त लेकरांनो! म्हणजे तू आणि मी. आपलं हे दुःख सामायिक आहे. तू अण्णांच्या प्रतिस्पर्ध्याकडे जाऊन चोरून शिकलास, मी अजून बसच्या रांगेत उभी असते. तरीही आज मी अण्णांच्या बाजूने उभी आहे.

तुझ्या पत्रातली एक ओळ मला स्वस्थ बसू देत नाही. गाडीची बॅटरी पार उतरली आहे, तेव्हा या निमित्ताने गाडीच विकून टाकू. निमित्ताने! डोळ्यांच्या डॉक्टरांनी अण्णांना गाडी चालवू नका म्हटलं, ते मान्य. पण चालवू नका आणि ठेवू नका यात फरक आहे, आणि असे फरक मांडण्यावरच माझी वकिली चालते. सत्तेची रीत हीच असते रे. आधी म्हणायचं, तुमच्या भल्यासाठी. मग किल्ली काढून घ्यायची. मग खुर्ची. उद्या अण्णांचा चष्मा हरवला, तर घरातली पुस्तकं रद्दीत घालशील का?

सकाळपासून ऑफिसात येरझाऱ्या घालते आहे. समोर बसलेल्या अशिलाने घाबरून विचारलं की त्याची केस बिघडली की काय. त्याला सांगितलं, तुझी नाही बाबा, माझ्या घरची बिघडली आहे. फोनच करणार होते, पण अण्णांचा नियम आठवला: घरचं भांडण लिहून करायचं, लिहिताना ब्रेक लागतो. मला लागत नाही, हे वर दिसतंच आहे.

कळावे. लोभ आहेच, गाडी विकलीस तर तो फेरतपासणीला घ्यावा लागेल.

तुझी ताई


दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं भाषण पोचलं. बायकोला वाचून दाखवलं, तिने शेवटी टाळ्या वाजवल्या. कुणाच्या बाजूने, ते सांगितलं नाही.

आता व्यासपीठावरून खाली ये आणि ऐक. किल्ली फिरवली की टक्सुद्धा होत नाही. हॉर्न मुका, काट्यांत जीव नाही. बॅटरीवाल्याने आपल्या गाडीवरून केबल जोडून ती चालू केली, सगळं वायरिंग तपासलं, दोष सापडला नाही. बॅटरी जुनी म्हणून नवी बसवली. नवीसुद्धा उतरली. चार्ज करून आणली, तर आज सकाळी पुन्हा मढं. बॅटरीवाला डोकं खाजवत म्हणाला की गाडीला काही झालेलं नाही, घरात कुणाला काही झालंय का बघा.

किल्ली अण्णांच्याच खिशात असते. ती मागायची माझी छाती नाही. संध्याकाळी मी शीतगृहात कामावर असतो, तेव्हा ते एकटेच गाडीत जाऊन बसतात, असं बायको सांगते. इंजिनाचा आवाज येत नाही, किलोमीटरचा आकडा हलत नाही. काय करता म्हणून विचारलं तर म्हणतात, उजळणी.

तू लांब आहेस, तुझं बरं आहे. माझं कशात लक्ष लागत नाही. कामावर असताना बाहेर कुठे ब्रेक करकचला, तरी मी दारापर्यंत धावतो. आपल्या गल्लीच्या तोंडाशी शाळा आहे, ताई. एखाद्या दिवशी बॅटरी धडधाकट असली आणि अण्णांचा धीर सुटला तर? खरं सांगू, सकाळी गाडी मेलेली दिसली की मला हायसं वाटतं. म्हणून विकायची. महिनाअखेरच्या रविवारी गिऱ्हाईक बघायला येणार आहे.

शिव्या घाल, पण उत्तर घाल. तुझ्या पत्राशिवाय घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

तुझा धाकटा


दि. १३ फेब्रुवारी

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

सही करू नका. गाडी तुमच्या नावावर आहे, तुमच्या सहीशिवाय तिचं चाक हलणार नाही. बॅटरी आपोआप उतरत नसते. घरात कुणाला तरी ती मेलेली बघून हायसं वाटतं, असं मला लेखी कळलं आहे. वायर कोण सैल करतं, ते शोधायला मला बॅटरीवाला नको.

आपण दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ, गरज पडली तर तिसऱ्याकडे. माणसाच्या हातातून चाक काढून घ्यायचं आणि त्याला काळजी म्हणायचं, हे मी कामगारांच्या केसेस लढताना कारखान्यांत पुष्कळ पाहिलं आहे. माझ्या बापाच्या घरात चालू देणार नाही. त्या रविवारी मी येते. गिऱ्हाइकाने गाडी बघण्याआधी मी गिऱ्हाईक बघेन. ही केस मी जिंकून दाखवते.

डोळ्यांत औषध घालत जा. माया आहे तशीच ठेवा.

तुमची ताई


दि. १८ फेब्रुवारी

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळ सोडून चाललं आहे, सांभाळून वाच.

तू जिंकशील, म्हणूनच घाईने लिहितो. ही केस जिंकू नकोस. आणि धाकट्यावर आळ घेऊ नकोस. बॅटरी मी उतरवतो आहे.

गाडीसमोर गोदामाची भिंत आहे, तिच्यावर रंगवलेलं आहे, ‘येथे गाडी लावू नये’. तिथे वर्षानुवर्षं गाडी लावणारा मी एकटाच. शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी आधी ती पाटी लांबून वाचायला लावायचो. ज्याला जमली नाही, त्याला स्टीअरिंगला हात लावू दिला नाही. डॉक्टरांचं मशीन काही म्हणो, माझी परीक्षा माझ्या भिंतीवर. म्हणून रोज संध्याकाळी हेडलाइट लावून वाचतो. इंजिन बंद ठेवतो, गल्लीत धूर नको. थंडी सुरू झाली तेव्हा ‘गाडी’ दिसायचं. मग नुसतं ‘ये’. आता पाठ आहे म्हणून वाचतो.

आणि मीच सगळ्यांना शिकवलं आहे की गाडी सोडताना समोरची भिंत बघा. भिंत काळोखी, म्हणजे दिवे बंद. तसंच करतो. दिव्यांची मूठ फिरवतो, भिंत बघतो, उतरतो. पण मूठ एकच घर मागे आलेली असते, छोटे दिवे चालूच. त्यांचा उजेड भिंतीवर असतो, फक्त मला दिसत नाही. सकाळी मूठ चाचपल्यावर कळतं, ती गुपचूप फिरवून टाकतो. बॅटरीवाल्याला कसं सांगू? त्यालाही मीच शिकवलं आहे. पहिल्यांदा झालं तेव्हा म्हटलं, चूक. पुन्हा झालं तेव्हा कळलं, हाच निकाल. त्यावर अपील नाही, वकीलबाई. दुसरा डॉक्टर नको.

पण गाडी विकायची नाही. तुम्हांला शिकवलं नाही त्यावरून तू मला आजवर बरंच ऐकवलंस. घरच्यांवर राग लवकर येतो आणि रागावलेल्या मास्तराचा पाय ब्रेकवर उशिरा पोचतो, म्हणून घरच्यांना न शिकवण्याचा नियम. आता रागवायला चूक दिसली तर पाहिजे! तू स्टीअरिंगवर बस. शेजारची सीट माझी, तिथला मास्तराचा ब्रेक माझ्या पायाला पाठ आहे. धाकट्याच्या शीतगृहामागचं पटांगण सुट्टीला रिकामं असतं. त्याच्या बाहेर चाक जाणार नाही. मला रस्ता दिसत नाही, तुला गाडी कळत नाही. तू रस्ता सांग, मी गाडी सांगतो. इतकं अखंड बोलणारं माणूस मला दुसरं कुठे मिळणार?

ये. जमत नाही असं मात्र लिहू नकोस, मला ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागेल.

अण्णा


दि. २१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, आणि या वेळी मागोमाग काही नाही.

अण्णांचं पत्र सोबत आहे, ते आधी वाच. वायर सैल करण्याचा आळ मी मागे घेते, बिनशर्त. तू कामावरून दारापर्यंत धावत होतास, आणि मी इथे बसून तुला सत्तेची रीत शिकवत होते.

पत्र वाचून मी खुर्चीतून उठले. तेव्हापासून पाय थांबत नाहीत. जाईन तिथे समोरच्या पाट्या वाचते आहे. शाळेसमोरून त्यांनी गाडी नेली नाही, धाकट्या. किल्ली खिशात होती, अडवणारं कुणी नव्हतं, आणि त्यांनी स्वतःला नापास केलं. लोकांनी धरून ठेवलेल्या खुर्च्यांवर मी आयुष्यभर ओरडत आले. आपण होऊन उठलेला माणूस घरातच होता, तो मात्र पाहायचा राहिला होता.

पटांगण खाजगी आहे, कायदा मी तपासला आहे. शिकाऊ परवान्याचा अर्जही टाकला आहे. तिथवर गाडी तू न्यायचीस, मग मागच्या सीटवर बसायचंस आणि तोंड मिटून ठेवायचंस. रस्ता मी सांगणार आहे, खड्ड्याखड्ड्यासकट. तुझ्या बायकोकडून नंबर घेऊन गिऱ्हाइकाला नकार मीच कळवला आहे, थोडक्यात कळवल्यामुळे तो बिचारा गोंधळला.

कळावे. लोभ पूर्ण भरलेला आहे, बॅटरी नाही. तेव्हा हे पत्र खाली ठेव, बॉनेट उघड आणि बॅटरी आजच चार्जिंगला दे.

तुझी ताई