फुगा फुगवल्यावर

३ फेब्रुवारी
आले एकदाची नाशिकला! नर्सेस हॉस्टेलची खोली हवेशीर, शेजारच्या मोहिनी सिस्टर तोंडाळ पण प्रेमळ, आणि आल्या आल्या दिंडोरीची द्राक्षं. आमच्या विभागात कवटी न उघडता, मांडीतल्या नसेतून तार घालून थेट मेंदूपर्यंत पोचतात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, काहीतरीच तुझं!

५ फेब्रुवारी
पेठ तालुक्याकडच्या फुलाबाई दाखल झाल्या. मेंदूकडे जाणाऱ्या डाव्या धमनीला भलामोठा, वेडावाकडा फुगवटा. असा क्वचितच सापडतो म्हणे. फुटला तर खेळ खलास, म्हणून ती धमनीच कायमची बंद करायची. आधी चाचणी, त्या धमनीवाचून मेंदूचं भागतं का ते बघायला. धमनीत इवलासा फुगा फुगवून रक्त अडवायचं आणि जाग्या पेशंटला बोलतं ठेवायचं. उत्तरं बरोबर आली की पास. बोलतं ठेवायचं काम माझं. बडबडीचा पगार मिळणार, आणखी काय हवं! फुलाबाई भाबड्या. नवरा हिरामण बाहेर उपाशी बसलाय, त्याला आधी जेवाया घाल बाय, असं मलाच बजावत होत्या.

६ फेब्रुवारी
फुगा फुगवला आणि फुलाबाईंची नजरच बदलली. नाव, गाव, महिना, सगळं बरोबर सांगितलं, पण खणखणीत शहरी भाषेत. मग माझ्या कानाशी पुटपुटल्या, ती आत कोंडली गेली, आता तिला बाहेर काढलंस तर तुझं काही खरं नाही. इतका द्वेष मी कुणाच्या डोळ्यांत पाहिला नव्हता. फुगा सोडल्यावर फुलाबाई ओक्साबोक्शी रडल्या. बाय, मला तिथं कोंडू नको, तिथं कोनी बसलंय, म्हणाल्या.
डॉक्टरांना सांगायला गेले तर खेकसले, भुताच्या गोष्टी घरी सांग, उत्तरं बरोबर होती का, हो की नाही? फुगवटा तर कधीही फुटला असता. मी हो म्हणाले.

८ फेब्रुवारी
धातूच्या बारीक कॉइल भरून धमनी बंद केली. डॉक्टर खूश. फुलाबाईंनी डोळे उघडले आणि शुद्ध भाषेत माझे आभार मानले.

९ फेब्रुवारी
हिरामणने माझे पाय धरले. ही माझी फुला नाय, ते पुन्हा उघडा, म्हणतो. उघडता येत नाही, हे त्याला कसं सांगू? डॉक्टर म्हणतात, जीव वाचला ना, मग झालं.

१० फेब्रुवारी
मोहिनी सिस्टरांशी ती गोड बोलते. मी एकटी दिसले की— तुझ्यामुळेच मला घर मिळालं, म्हणते. डोळ्यांत मात्र तोच द्वेष. मग तिला माझा राग का?

११ फेब्रुवारी
पेज भरवत होते. तोंड हसत होतं. डोळ्यांतून धारा— थांबेचनात. ती आत तुलाच हाका मारतेय, तोंड म्हणालं. ऐकायचंय?
मी हो म्हणून मान हलवली. का हलवली—

आता थांबत नाही. कान दाबले तरी— पेठकडचा आवाज— रडतोय—
बाय, तू हो कशाला म्ह