फुली मारलेलं मडकं

आबा,

तुमचं मडकं सापडलं. वडखळच्या पुढे, धरमतरच्या खाडीकडे उतरणाऱ्या शेतांत मी निवृत्तीनंतर एक प्लॉट घेतला होता, त्याच्या पोटातून निघालं. तुम्ही असता तर घेऊच दिला नसता, हे मला घेतानाच ठाऊक होतं. पण वर कमरेएवढा मुरूम पडलेला, डांबरी रस्ता आलेला, एजंट म्हणाला, "म्याडम, आता हितं पाणी चढायचं नाय." मीही शहाणी, नोकरीभर रोह्याला पोरांना भूगोल शिकवलेली. खाडीच्या माणसाची लेक असून मी जमीन डोळ्यांनी बघितली.

तुम्ही तशी कधीच बघितली नाही. गावात कुणाला घर बांधायचं असलं की तुम्हाला बोलावणं यायचं. अमावस्येच्या उधाणाआधी तुम्ही कोरं मडकं गळ्यापर्यंत पुरायचात, तोंडावर चपटा दगड ठेवायचात, आणि तिसऱ्या दिवशी आत पाझरलेलं पाणी चाखायचात. गोडं निघालं तर नारळ फोडायचा. खारं निघालं तर मडक्याच्या गळ्यावर विळ्याने फुली ओढून ते तिथेच गाडायचं, म्हणजे पुढे कुणी खणलंच तर त्याला कळावं. एकदा मलाही चाखायला दिलंत. मी तोंड वेडंवाकडं करून थुंकले, तर केवढे खेकसलात! "थुकू नको गो, गिल! गिललंस तर ध्यानात ऱ्हाईल. खाऱ्या पान्याला वाट दाखवावी लागत नाय." मी रडत रडत गिळलं.

आता खाडी अडवणारा आपला बांध वरचेवर फुटतो. पूर्वी उधाण बांधाला टेकून परत जायचं, हल्ली वरून उडी मारतं, पाऊसही चार दिवसांचा एका दुपारी कोसळतो. शेजारच्या भातखाचरांत खाऱ्या पाण्यावर वाढणारी तिवरं माजली आहेत. हे बघून माझं धाबं दणाणलं आणि मी प्लॉट विकायला काढला. गिऱ्हाईक रोह्याचंच मिळालं. एक तरुण नर्स, नवरा कंपनीत शिफ्टला, सातवा महिना. आयुष्यभराचं एकच घर बांधायचं म्हणतात. परवा पाया किती खोल घ्यायचा ते बघायला मजुरांनी खड्डा खणला आणि मुरमाखाली, चिखलात, मडक्याचा गळा दिसला. फुलीसकट.

मजुरांना मी चहाला पिटाळलं. वैशाखातली भर दुपार, जमीन भाजत होती. दगड सरकवला तर आत तळाशी काळंभोर पाणी. बघता बघता ते चढायला लागलं. वारा नाही, आवाज नाही, वरून एक थेंब पडला नाही. आधी बोटभर, मग वीतभर. खाडीकडे बघितलं तर भरती लागली होती. इतकी वर्षं त्या मुरमाखाली ते मडकं रोज भरत होतं आणि रोज रिकामं होत होतं, आणि वर आम्ही प्लॉटचे नंबर टाकत होतो. मी बोट बुडवून चाखलं. तेवढ्यात मागून ती पोर आली, छत्री धरून, एक हात पोटावर.

"काकू, विहीर खणली तर पानी गोडं लागंल ना हितं?"

मी दगड परत सरकवला, पायाने माती लोटली. म्हटलं, "लागेल की."

सोमवारी सही आहे. दोन दिवस झाले, इथे रोह्याला घरी, तिसऱ्या मजल्यावर, दुपारी भरतीच्या वेळेला माझ्या माठातलं पाणी खारट लागतं. माठ दोनदा धुतला. हे पत्र मी तुम्हाला लिहिते आहे खरी, पण तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, तिचा आहे. तो पाकिटावर लिहून खोडला.

आणि आबा, परवा मी ते पाणी गिळलं नाही. ती बघायच्या आत थुंकले.