दुसरा घाव

रेडी, १२ जानेवारी २०२५

चि. डायलन यास रॉविनाबायचे अ. आ.

आठवड्याच्या त्या पाच मिनिटांच्या फोनवर मांय नुसती रडते आणि तुझ्या माशांची खुशाली सांगायची राहून जाते, म्हणून हे पत्र. तू तुरुंगात गेल्याला तीन महिने झाले, पण माझ्या हयगयीने टाकीतला एकही मासा मेलेला नाही. ऑस्कर तेवढा दांडगा झालाय. परवा त्याने एक छोटा मासा शेपटीकडून गिळला. अर्धा तास त्या बिचाऱ्याचं तोंड ऑस्करच्या तोंडाबाहेर हलत होतं. मी पदर डोळ्यांना लावून बसले.

तू फोटो मागितलेस, ते सोबत धाडलेत. हसू नकोस. पहिल्यात मासा नाही, मीच आहे, काचेत उमटलेली. दुसऱ्यात फ्लॅशचा पांढरा गोळा. तिसऱ्यात पिवळा फराटा दिसतो तो तुझा लाडका एंजल मासा, 'पाद्री'. मराठीच्या बाईंना एवढंच जमतं.

वकील म्हणाले, साक्षीदार कोणी पुढे येत नाही, तेव्हा काळजी नको. जेवत जा.

तुझ्यावर जीव असलेली बहीण,
रॉविनाबाय


सावंतवाडी, २३ जानेवारी २०२५

ती. रॉविनाबाय हिस सा. न. वि. वि.

मायना बरोबर आहे ना? नाहीतर लाल शाई काढशील.

फोटो बघून आमच्या बराकीतले सगळे हसले. एकाने पाद्रीला केळं म्हटलं. बाय, फ्लॅश बंद कर गो! माशाला डोळे मिटता येत नाहीत. आणि खोलीत उजेड असेल तर काच आरसा होते. यापुढचं मलाही ठाऊक नाही, कोणाला तरी विचार.

इथे सकाळी अंगणात बसतो तेव्हा तो दिवस आठवतो. लग्नाआधीच्या त्या रोसाला, नारळाचा रस लावायच्या गर्दीत, फोटोवाला मंगेश दारू पिऊन अंगावर आला, मी ढकललं, तो चिऱ्याच्या पायरीवर आपटला. त्याचा डोळा गेला याचं वाईट वाटतं, पण मी काय करणार होतो? मांयला सांग, तिचा मुलगा गुंड नाही.

माया पातळ करू नकोस.
तुझा डायलन


रेडी, १६ फेब्रुवारी २०२५

चि. डायलन यास अ. आ.

या वेळचा फोटो नीट बघ. पाद्रीचा डोळा दिसतो? त्याभोवतीचं लाल कडंसुद्धा आलंय! एक फोटो मिळवायला दोनशे काढले. खिडक्या बंद करायच्या, उजेड फक्त टाकीवर ठेवायचा, डोक्यावर काळं कापड घ्यायचं, लेन्स काचेला सरळ टेकवायची, जराही तिरकी नाही. माशाच्या मागे धावायचं नाही. एक जागा धरून बसायचं आणि तो वळला की त्याचा डोळा पकडायचा. मांय म्हणते, मी कापडाखाली भुतासारखी दिसते.

हे शिकवलं कोणी, ते लपवणार होते, पण मला जमत नाही. मंगेशने.

त्याचा कॅमेरा पडून आहे असं शाळेतल्या सुगंधाबाईंनी सांगितलं. मी तो वापरायला मागायला गेले. खरं म्हणजे त्याला बघायलाही गेले होते. उजवा डोळा शिवून टाकलाय. लग्नाची कामं कोणी देत नाही, आणि बायको, अक्षया, माहेरी गेलीय. दारुड्याशी संसार नको म्हणाली. मला बघून तो बराच वेळ दारातच उभा राहिला. मासे कोणाचे ते मी सांगायच्या आधीच त्याला ठाऊक होतं. म्हणाला, माशांनी माझा काय वाईट करूक नाय. आणि शिकवलं. पुढच्या रविवारी घरी येऊन टाकी बघतो म्हणालाय.

रागावलास तरी लिहीत जा.
रॉविनाबाय


सावंतवाडी, २१ फेब्रुवारी २०२५

रॉविनाबाय,

त्याला घरात घेऊ नकोस. तुला कळत नाही, तो माझ्याविरुद्ध काहीतरी वदवून घेईल. त्या उंबऱ्यावर त्याने पाय ठेवला तर बाहेर आल्यावर मी त्याचा दुसराही डोळा फोडीन. फोटो फाडून टाकलाय. मला तुझे फोटो नकोत.

डायलन


रेडी, २६ फेब्रुवारी २०२५

डायलन यास,

तुझं पत्र सोमवारी पोचलं. मंगेश रविवारी येऊन गेला होता. जे झालं ते झालं तसं लिहिते.

आधी सगळं बरं चाललं होतं. खोलीत काळोख केला होता. त्याने डाव्या डोळ्याने बघून फोकस लावायचा प्रयत्न केला, पण अंतर कळेना, लेन्स दोनदा काचेवर आपटली. तो स्वतःलाच हसला. मला त्याची दया आली आणि मी बोलून गेले, की त्या दिवशी तुम्ही प्यायला नसतात तर दोन घरं वाचली असती.

त्याने कॅमेरा सोडवून अगदी जपून कॉटवर ठेवला. मग लोखंडी ट्रायपॉड दोन्ही हातांनी उचलला आणि टाकीवर घातला. पहिल्या घावाला तडा गेला. तो मारतच राहिला. चार फुटांची टाकी फुटली, पाण्याबरोबर काचा आल्या, माझ्या पायात एक घुसली. मांय किंचाळत बाहेर पळाली. घरात कोणी पुरुष असता तर त्या दिवशी खूनच पडला असता. मला वाटलं, आता माझ्या डोक्यात घालणार.

पण मासे जमिनीवर तडफडायला लागले तसा त्याने ट्रायपॉड टाकला. गुडघ्यांवर बसून काचांतून मासे वेचायला लागला. तळहात फाटले, रक्त कोपरापर्यंत आलं. वेचता वेचताच बोलत होता. मी एक थेंब पिऊक नव्हतंय. पयलो घाव माका कबूल, मी त्याका हसलंय. तो मस्कतच्या नोकरीवरसून तीन महिन्यांत परत इलो म्हणान सगळ्यांसमोर हसलंय. पण मी खाली पडलंय, हात जोडलंय, तेव्हा लायटीच्या स्टँडान दुसरो घाव कित्याक?

ऑस्कर आणि आणखी दोघे बादलीत जगले. पाद्री माझ्या हातात मेला.

पोलिसांत मी गेले नाही. तुला एकच विचारते. दुसरा घाव होता का?

रॉविना


सावंतवाडी, १० मार्च २०२५

ती. रॉविनाबाय हिस सा. न. वि. वि.

होता.

तुझं पत्र आल्यापासून हा एक शब्द लिहायला दहा दिवस लागले. पहिल्यांदा ढकललं तेव्हा रागात होतो. पण दुसऱ्या वेळी राग नव्हता, बाय. तो खाली होता, हात जोडले होते. आता याला मी काहीही करू शकतो, हे मला कळलं, आणि मला ते आवडलं. म्हणून मारलं. स्टँडची लोखंडी खुंटी डोळ्यात गेली त्याचा आवाज मी ऐकलाय. दारूची गोष्ट मी तिथेच रचली. त्याच्या शर्टावर कोणाचा तरी पेला सांडला होता, त्या वासावर सगळ्यांनी विश्वास ठेवला.

वकिलांना सांगितलं. ते म्हणाले, वेडा आहेस, केस सुटत आली होती, आता वर्षं मोजशील. तारखेला न्यायाधीशांसमोर मी सगळं बोलणार आहे. हे पत्र मंगेशला वाचून दाखव. मांयला कसं सांगायचं ते तू ठरव.

मायेला पात्र नाही, तरी मागतो.
डायलन


रेडी, ३० मार्च २०२५

चि. डायलन यास अ. आ.

पत्र मंगेशला वाचून दाखवलं. त्याने दारूचा भाग पुन्हा वाचायला लावला, मग तिसऱ्यांदा. म्हणाला, माफ करूक माका जमाचा नाय, असा त्याका कळव. आणि पत्राची एक प्रत मागितली, अक्षयेसाठी. ती दोन दिवसांनी आली. राहायला की बघायला, ते अजून कोणाला ठाऊक नाही.

मांयला मी सगळं वाचून दाखवलं. तिने माझ्या थोबाडीत मारली. पाच महिने चर्चमध्ये भेटेल त्याला ती सांगत होती, की माझ्या झिलाने फक्त ढकललं. दुसऱ्या दिवशी सकाळी न जेवता, न सांगता ती मंगेशच्या दारापुढच्या खळ्यात जाऊन उभी राहिली. त्याने घरात बोलावलं नाही. ती दुपारपर्यंत उन्हात उभी होती. शेवटी अक्षयेने तांब्याभर पाणी आणून दिलं. मांय ते प्याली आणि परत आली. काय बोललीस विचारलं, तर म्हणाली, काय बोलतलंय?

डायलन, मीही तुला माफ केलं असं लिहू शकत नाही. लिहिलं तर तेही खोटंच होईल. पण तारखेला मी आणि मांय पहिल्या बाकावर असू. तुला बोलायला जड गेलं तर आमच्याकडे बघ. आणि बोल.

तू जसा आहेस तसा माझाच भाऊ आहेस, हे विसरू नकोस.
तुझी रॉविनाबाय