मूत्रपिंडास पितळी बिल्ला मिळणेबाबत

प्रति,
मा. कामगार अधिकारी,
रंगरत्न डाईज कारखाना, बोईसर.

विषय : ड्रायर खात्यातून लघवीस तिसऱ्या व पुढील फेऱ्यांची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : वैद्यकीय दाखल्यावरील आपला दि. ६ एप्रिल १९९३ चा शेरा.

महोदय,

अर्जदार पुंजाराम किसन खिल्लारे, मु. पाम, हा ड्रायर खात्यात अकरा वर्षे वाफेच्या व्हॉल्व्हवर आहे. खात्यात माणसे बावीस आणि लघवीस जाण्याचा पितळी बिल्ला एकच. तो खिळ्यावरून काढल्याशिवाय दार ओलांडायचे नाही, आणि पाळीत माणशी फेऱ्या दोनच. जोडीदार बुधा याचे म्हणणे, "आमी पानी पीतच नाय, मंग जायाचं कामच नाय." अर्जदारही तसाच राहिला. मार्चात कंबरेत कळा सुरू झाल्या, लघवी कोऱ्या चहासारखी. डॉक्टरांनी दाखला दिला : तासाला पेलाभर पाणी व लागेल तेव्हा लघवी, नाहीतर मूत्रपिंडे वर्षही काढणार नाहीत.

दुर्दैवाने त्यांनी एक ओळ जास्त लिहिली, की मूत्रपिंड आपल्याकडे येणाऱ्या रक्ताचा प्रवाह स्वतःच सांभाळते. त्यावर आपण शेरा मारलात, "मूत्रपिंड स्वयंनियंत्रित असल्याने कामगारास जाण्याची गरज दिसत नाही." धन्य आहे साहेब!

डॉक्टरांनी समजावलेला खुलासा असा की, मूत्रपिंडातल्या बारीक नळीवर एक चौकी असते. तिथल्या पेशींच्या पडद्यात प्रथिनांची दारे आहेत. ती जाणारे मीठ आत घेऊन मोजतात. मीठ जास्त आले तर रक्त आणणारी नळी आवळली जाते, कमी आले तर सैल सुटते. अर्जदाराचा हात व्हॉल्व्हवरच असल्याने त्यास हे चटकन पटले. पण अंगातले पाणीच आटून मागचा दाब पडला, तर व्हॉल्व्ह सताड सोडून काय उपयोग?

हे तोंडी सांगितले, तर सुरक्षा विभागाचा मेमो आला, की सदर प्रथिने कोणत्या ठेकेदाराची, व गेटपासशिवाय दारे कोणाच्या हुकमाने उघडतात? उत्तर सादर : ती लाखोंनी आहेत, जन्मापासून तिन्ही पाळ्या करतात, रजा घेत नाहीत. ठेकेदार माहीत नाही.

सुपरवायझर प्रताप म्हणाले, "बिल्ला किडनीला पाहिजे ना? मग अर्जपण किडनीच्या नावाने कर." तोही केला. सही जुळत नाही म्हणून परत आला. अर्जदाराची पत्नी रंभाबाई तो कागद वाचून हसली आणि मग रडतच बसली.

आता कळविण्यास अत्यंत वाईट वाटते की, काल दुपारपासून अर्जदारास लघवी झालेलीच नाही. आपल्या दप्तरी ही सुधारणा म्हणून नोंदली गेली असल्यास कृपया खोडावी. डॉक्टरांनी आजच पालघरला भरती होण्यास सांगितले आहे. सबब अर्जदार हजर नसेल. मंजुरी झाल्यास ती बुधाच्या हाती द्यावी. त्याचीही लघवी सोमवारपासून लाल आहे, आणि अर्जदाराखेरीज अजून तो कोणाला बोललेला नाही.

आपला नम्र व पाण्याला भ्यालेला,
पुंजाराम किसन खिल्लारे
दि. १६ एप्रिल १९९३